लाजाळूला सवय होते की ती दमते?

गॅलरीतलीबाग: गॅलरीत कुंडीत लाजाळू लावलीय. लेक आणि तिच्या मैत्रिणी येता-जाता बोट लावतात. आधी पानं फटाफट मिटायची, आता बऱ्याचदा ढिम्म. सासूबाई म्हणतात, "ओळखायला लागली गं तुम्हाला." नवरा म्हणतो, दमली. मेंदूच नाही तर ओळखणार कशानं?

निवृत्त_मास्तर: आधी यजमानांचा मुद्दा. पानाच्या देठाच्या बुडाशी फुगीर गाठ असते. स्पर्श झाला की तिथल्या पेशींतून पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर पडतं, मागोमाग पाणी जातं आणि पान झुकतं. पाणी पुन्हा भरायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात पुन्हा बोट लावलं तर ती मिटणार कशी? तो थकवाच.

पण पान पूर्ण उघडलेलं असून मिटत नसेल, तर गोष्ट वेगळी. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या देफाँतेन या वनस्पतिशास्त्रज्ञानं एका विद्यार्थ्याला लाजाळूच्या कुंड्या बग्गीत घालून पॅरिसभर फिरवायला लावलं. (गाडीवानाला काय वाटलं असेल, देव जाणे.) हादरे बसताच पानं मिटली, आणि थोड्या वेळानं, बग्गी धावत असतानाच, उघडली.

२०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधक मोनिका गॅलियानो यांनी हेच मोजून पाहिलं. कुंडी सुमारे १५ सेंटीमीटरवरून खाली सोडायची, पुन्हा पुन्हा. इजा काही होत नाही म्हटल्यावर पानं मिटायची थांबली. मग कुंडी वेगळ्या तऱ्हेनं हलवली, तर लगेच मिटली! म्हणजे अंगात त्राण होतं. कमी उजेडातल्या रोपांना ही सवय लवकर लागली, आणि ते पटतं. मिटलेल्या पानाला ऊन कमी मिळतं. उजेडाची चणचण असलेल्या झाडाला उगाच मिटणं परवडत नाही. महिन्याभरानंतरही ही सवय टिकून होती.

शंकेखोर: मास्तर, पुढचंही सांगा की. याच बाईंनी २०१६ मध्ये वाटाण्याची रोपं पंख्याच्या झुळकीवरून उजेड कुठून येणार ते शिकतात, असं छापलं. २०२० मध्ये केसी मार्केल या संशोधकानं जास्त रोपं घेऊन तोच प्रयोग केला, तर काही हाती लागलं नाही. लाजाळूच्या प्रयोगावरही आक्षेप आहेत.

निवृत्त_मास्तर: वाटाण्याबद्दल वाद घालत नाही. पण लाजाळूला सवय होते हे फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७३ मध्येच नोंदवलंय, ते काही एकाच प्रयोगशाळेवर अवलंबून नाही. शिवाय नुसत्या आठवणीला मेंदू कशाला हवा? व्हीनस फ्लायट्रॅप या किडे खाणाऱ्या झाडाच्या सापळ्यातल्या केसाला एकदा धक्का लागला तर सापळा गप्प बसतो. साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत दुसरा लागला की मिटतो. पहिल्या धक्क्यानं पेशींत कॅल्शियम वाढतं आणि हळूहळू ओसरतं. ते ओसरायच्या आत दुसरी भर पडली तर सापळा बंद. आठवण म्हणजे ते उरलेलं कॅल्शियम. जपानी संशोधकांनी २०२० मध्ये ते चमकताना दाखवलंय.

निफाडचा_कांदेवाला: आमच्या रब्बी कांद्याचं काय मग? थंडी पडते जानेवारीत, डेंगळे (फुलांचे दांडे) दिसतात नंतर, ऊन तापायला लागल्यावर. तेही जून, जाड मानेच्या रोपाला जास्त. कोवळं रोप निसटतं. आणि डेंगळ्याचा कांदा चाळीत टिकत नाही, ते दुखणं वेगळंच.

निवृत्त_मास्तर: वा, मुद्द्याचं बोललात! इंग्लंडमधल्या नॉरिचला कॅरोलिन डीन यांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर यात उभी हयात घातली. त्यात फुलोरा अडवणारं एक जनुक असतं. थंडीत ते एकेका पेशीत बंद होत जातं. एखाद्या पेशीत ते चालू तरी असतं नाहीतर बंद तरी, अर्धवट नाही. थंडी लांबली की बंद पेशी वाढतात. पुढे ऊब आली तरी त्या पेशींची पिल्लावळ बंदच राहते. बी धरताना मात्र पाटी कोरी होते. कांद्याची जनुकं वेगळी आहेत, पण थंडी धरून ठेवून नंतर फुलणं तेच.

गॅलरीतलीबाग: मग आमच्या कुंडीचा निकाल कसा लावू?

निवृत्त_मास्तर: प्लॅस्टिकची कुंडी घ्या, खाली घडी घातलेली चादर. वीतभर उंचीवरून हलकेच सोडा. पानं पूर्ण उघडली की पुन्हा. मिटेनाशी झाली की बोट लावा. बोटानं मिटली तर दमलेली नाही.

गॅलरीतलीबाग: लेकीची परीक्षा संपली की करते. तोवर मैत्रिणींना गॅलरी बंद.