मदत हवी आहे: सेफ्टी डिप्लोमाच्या मुलांना टाकीत उतरण्याचा सराव कुठे देता येईल?

नमस्कार मंडळी. मी औद्योगिक सुरक्षा पदविकेच्या मुलांना शिकवते. उद्या हीच मुलं वर्क परमिटवर, म्हणजे धोक्याचं काम सुरू करायच्या लेखी परवानगीवर, सही करणार. पाठांतर चोख आहे: हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, १९.५ च्या खाली गेला तर आत जायचं नाही. पण हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू वाढला की नाकाला वासच येईनासा होतो, आणि आत पडलेल्याला काढायला धावलेला दुसराही तिथेच कोसळतो, हे फळ्यावर लिहून कसं पटवू?

चाकण-भोसरी भागात कुणी रिकाम्या, धुतलेल्या टाकीवर सराव करू देईल का? माणसाला टाकीतून दोराने वर ओढायचा ट्रायपॉड आणि चार वायू मोजणारा गॅस डिटेक्टर भाड्याने कुठे मिळेल? टाकीबाहेर राखणीला उभं राहिलेल्या कुणा अनुभवी कामगाराने तासभर मुलांशी बोललं, तर फार उपकार होतील.