न्यूरोस्टिम्युलेटरचं मार्केट जोरात वाढतंय म्हणे, पण कशाच्या जोरावर?

चिकित्सक चिंतू
शेअरवाल्या ग्रुपात सध्या एकच टेप चालू आहे, मेंदूला आणि मणक्याला करंट देणाऱ्या यंत्रांचं मार्केट दरवर्षी वाढतच जाणार, आत्ताच घेऊन ठेवा. सोबत कुठल्यातरी रिसर्च कंपनीचा वर जाणारा आलेख. असे दोन-तीन रिपोर्ट शेजारी ठेवून बघा, आकडे जुळतच नाहीत, कारण एकजण कॉक्लिअर इम्प्लांट (बहिऱ्यांच्या कानात बसवायचं यंत्र) धरतो, दुसरा धरत नाही, तिसरा ऑनलाइन मिळणारं टेन्सचं मशीनही (कातडीवर चिकटवून करंट देणारं) त्यातच घुसवतो.

ते एक वेळ सोडा. या धंद्यातला सगळ्यात मोठा वाटा वर्षानुवर्षं मणक्यातल्या स्टिम्युलेटरचा आहे, म्हणजे मुख्यतः पाठ आणि पाय दुखण्याचा. 1965 मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी 'गेट' थिअरी मांडली, की दुसरी संवेदना आत सोडून वेदनेची वाट अडवता येते, आणि दोनच वर्षांत नॉर्मन शीलींनी अमेरिकेत पहिलं यंत्र पेशंटला बसवलंसुद्धा. कल्पना भारीच आहे, वाद नाही. पण 2022 मध्ये नॉर्वेची ट्रायल आली, 50 पेशंट, यंत्र सगळ्यांच्या अंगात, आळीपाळीने चालू आणि बंद, पेशंटला पत्ता लागू न देता. चालू असताना आणि बंद असताना फारसा फरक नाही! 2023 मध्ये कॉक्रेनने (उपचारांचा पुरावा तपासणारी स्वतंत्र संस्था) कंबरदुखीच्या 13 ट्रायल एकत्र तपासल्या, सगळे मिळून पेशंट किती तर 699, आणि निष्कर्ष असा की सहा महिन्यांनंतर खोट्या उपचारापेक्षा बहुधा जास्त फायदा नाही. वर 2018 च्या 'इम्प्लांट फाइल्स'मध्ये पत्रकारांनी अमेरिकेच्या एफडीएकडच्या (औषधं आणि यंत्रांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) नोंदी काढल्या तर दहा वर्षांत या एका यंत्राबद्दल इजेच्या 80 हजारांवर तक्रारी निघाल्या.

म्हणजे जिथे पुरावा लंगडा तिथेच धंदा मोठा. याला वाढ म्हणून टाळ्या का वाजवायच्या?

ठाणेकर मंदार
असहमत, आणि जरा चिडूनच लिहितोय. माझ्या वडिलांचं कंपवातासाठी (पार्किन्सन्स) डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन झालंय, मेंदूत दोन लीड (करंट नेणाऱ्या तारा) आणि छातीत पेसमेकरसारखी बॅटरी. सिंडोपाच्या गोळ्या दर दोन-अडीच तासांनी, असर उतरला की माणूस लाकूड, असर जास्त झाला की अंग नुसतं वळवळतंय, हे ज्याने घरात पाहिलंय त्याला पुरावा लंगडा वगैरे सांगू नका. ऑपरेशननंतर गोळ्या निम्म्यावर आल्या, हाताचा कंप जवळपास गेला. तोल आणि बोलणं सुधारलं नाही, पण ते सुधारणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

आणि मार्केट वाढल्याचा फायदा पेशंटला होतोच. अमेरिकेत 2016 पर्यंत डीबीएस म्हणजे एकट्या मेडट्रॉनिकचं राज्य होतं. मग सेंट ज्यूड आली (ती पुढे ॲबटने घेतली), 2017 च्या शेवटी बोस्टन सायंटिफिकला मंजुरी मिळाली, आणि करंट हव्या त्या बाजूला वळवता येणाऱ्या लीड तिथे याच स्पर्धेत आल्या. त्याआधी करंट चहूबाजूंनी पसरायचा, बोलणं जड व्हायचं. स्पर्धा नसती तर कोणी केलं असतं हे?

चिकित्सक चिंतू
मंदार, डीबीएसबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. 1987 मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या डॉ. बेनाबीद यांनी कंपासाठी सुरुवात केली, पार्किन्सन्ससाठी एफडीएची मंजुरी 2002 मध्ये, मध्ये पंधरा वर्षं लोकांनी घासून काम केलं. पण डीबीएसची पुण्याई मणक्याच्या यंत्राच्या खात्यावर जमा करू नका, शेअरवाले नेमकं तेच करतात. फोटो कंप थांबलेल्या आजोबांचा, विक्री कंबरदुखीची.

भूलवाली
पेन क्लिनिकमध्ये काम करते म्हणून लिहिते. कॉक्रेनचं वाक्य खरंय पण अर्धंच वाचलंय, त्या ट्रायल लहान होत्या, बऱ्याचशा कमी मुदतीच्या, आणि बऱ्याच ठिकाणी जुनं तंत्र. पुरावा कमी आहे याचा अर्थ उपयोग नाही असा लावायचा नसतो. आमच्याकडे या यंत्रासाठी येणारा माणूस पहिल्या दिवशी येत नाही हो, दोन-दोन वेळा मणक्याचं ऑपरेशन झालेलं, गोळ्यांनी पोट गेलेलं, झोप नाही. अशा माणसाला आधी काही दिवस तात्पुरती लीड टाकून बघतो, निम्म्याने तरी दुखणं उतरलं तरच पुढे. अमेरिकेत तर दुसरा पर्याय अफूवर्गातल्या गोळ्या होता आणि त्याने तिथे काय झालं ते जगाने पाहिलं. मधुमेहाने पायाची आग होते त्यासाठीही 2021 मध्ये एफडीएने मंजुरी दिलीये, आपल्याकडे मधुमेही किती आहेत ते मी सांगायला नको.

चिकित्सक चिंतू
ताई, मधुमेहाच्या ज्या ट्रायलवर ती मंजुरी आली तिचा खर्च कंपनीनेच केला होता, आणि तुलना नेहमीच्या औषधोपचाराशी होती, बंद यंत्राशी नाही. ऑपरेशन झालेला माणूस आणि गोळीच खात राहिलेला माणूस, दोघांना आपण कोणत्या गटात आहोत ते माहीत आहे. अशाने प्लासिबो, म्हणजे नुसत्या विश्वासाने वाटणारा फरक, कसा वेगळा काढणार? तात्पुरत्या लीडचंही तेच, आठवडाभर आशेवरच माणूस बरा असतो.

भूलवाली
आणि पायात खरा करंट जाणवतो तेव्हा खोटं यंत्र कसं लावणार ते तुम्हीच सांगा. (नवी हाय फ्रिक्वेन्सीवाली मुंग्या आणत नाहीत, त्यात जमेल, मान्य. पण पैसे कोण घालणार?)

तिरकस तात्या
शेअरवाल्यांसाठी एक बोधकथा. नेव्ह्रो नावाची कंपनी, ह्याच हाय फ्रिक्वेन्सीवाल्या मणक्याच्या यंत्राची. 2021 मध्ये शेअर शंभर डॉलरच्या वर. 2025 मध्ये ग्लोबस मेडिकलने 5.85 डॉलरच्या भावाने अख्खी कंपनी उचलली, सगळे मिळून 25 कोटी डॉलरच्या आसपास. बोस्टनने मात्र मूत्राशयाच्या नसेला करंट देणारी ॲक्सोनिक्स 2024 मध्ये 370 कोटी डॉलरला घेतली. मार्केट वाढतंय हो, तुमचा पैसा वाढेल असं कोणी म्हटलं? माझा मेव्हणा अजून "होल्ड" आहे, असो.

निशा डोंबिवली
तात्या, पैशाचं जाऊ द्या, यंत्र अंगात असताना कंपनी गेली तर काय? सेकंड साइट कंपनीचं आठवतंय का कोणाला? डोळ्याच्या पडद्याला करंट देऊन अंधांना थोडं दिसावं म्हणून आर्गस टू, 2013 मध्ये एफडीएची मंजुरी, जगभर साडेतीनशेच्या आसपास लोकांना बसवलं. 2019 मध्ये कंपनीने ते बंद करायचं ठरवलं, 2020 मध्ये स्वतःच बुडायला आली, आणि बिघाड झाला तर दुरुस्त करायला कोणी नाही. डोळ्यात यंत्र तसंच. स्पर्धा स्पर्धा करताना छोट्या कंपन्या येतात तशा जातात पण, मंदार.

ठाणेकर मंदार
म्हणून तर मोठं मार्केट हवं ना! ज्या आजाराचे पेशंट मूठभर तिथेच कंपन्या बुडतात. आर्गस बुडालं कारण गिऱ्हाईक नव्हतं.

निशा डोंबिवली
आणि नेव्ह्रोला गिऱ्हाईक नव्हतं का?

सर्व्हिस इंजिनिअर
याच लाइनमध्ये आहे, कंपनीचं नाव सांगत नाही. तुम्ही सगळे अमेरिकेचं भांडताय, तिथे पैसे मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) आणि इन्शुरन्स देतात म्हणून आलेख वर जातो, ते देत नाहीत तिथे मंजुरी मिळूनही धंदा बसतो. डिप्रेशनसाठी व्हेगस नर्व्हच्या (मानेतली नस) यंत्राला 2005 मध्ये एफडीएची मंजुरी होती, 2007 मध्ये मेडिकेअरने पैसे द्यायला नकार दिला, खेळ खलास. आपल्याकडे डीबीएस बहुतेक घरं खिशातून करतात, लाखांत. आयआरडीएआयने (विमा नियामक) 2019 मध्येच विमा कंपन्यांना सांगितलंय की डीबीएस वगळता येणार नाही, पण मर्यादा घालायला मोकळीक आहे, त्यामुळे पॉलिसीत सब-लिमिटचा (एका उपचाराला जास्तीत जास्त किती देणार) कॉलम आधी वाचा, नंतर एजंटशी बोला.

चिकित्सक चिंतू
मग सरकार स्टेंटसारखी किंमत का बांधत नाही? 2017 मध्ये स्टेंट झाले, गुडघ्याचे कृत्रिम सांधे झाले.

सर्व्हिस इंजिनिअर
स्टेंट लाखांनी लागतात, ही यंत्रं त्यामानाने अगदीच कमी. तरी स्टेंटच्या वेळीसुद्धा ॲबट आणि मेडट्रॉनिकने काही भारी मॉडेल परत घ्यायला अर्ज केले होते. इथे किंमत बांधली तर उद्या यंत्रच नाही मिळालं तर मंदारच्या वडिलांची बॅटरी कुठून आणायची?

चिकित्सक चिंतू
म्हणजे ओलीस ठेवलंय की पेशंटला! कंपनी ठरवेल तो भाव, नाहीतर बॅटरी नाही. तुम्हीच माझी बाजू मांडताय.

सर्व्हिस इंजिनिअर
भाव खाली यायला इथे दुसरं कोणीतरी बनवायला हवं, आणि मार्केट छोटं राहिलं तर कोण बनवणार? फिरून मंदारचाच मुद्दा येतो.

ठाणेकर मंदार
बॅटरीचा विषय निघालाच आहे तर, आम्ही साधी घेतली होती, आता बदलायची वेळ आली. चार्जिंगवाली घ्यावी का?

सर्व्हिस इंजिनिअर
साधी तीन ते पाच वर्षं, चार्जिंगवाली पंधराच्या आसपास, पण चार्जर छातीवर लावून बसायला लागतं, आठवड्यातून एकदा तरी. वडील एकटे असतात का घरात? विसरले आणि बॅटरी पूर्ण उतरली तर कंप आणि ताठरपणा परत येईल. करणारं कोणी असेल तर चार्जिंगवाली. आणि प्रोग्रॅमिंग करणारा माणूस ठाण्यात किंवा मुंबईत कायम आहे का ते डीलरकडून लेखी घ्या.

चिकित्सक चिंतू
हे लेखी घ्यायला लागतं, यावर वेगळा धागा काढतो.