ऱ्हायोलाइट: आधी गाव गेले की रूळ?

रावपुरेकर, बडोदे:
गेल्या हिवाळ्यात मुलाकडे अमेरिकेत गेलो असताना नेवाडाच्या वाळवंटातील, डेथ व्हॅलीच्या वाटेवरचे ऱ्हायोलाइट हे ओसाड गाव पाहण्यात आले. बँकेच्या तीन मजली इमारतीच्या नुसत्या भिंती उरल्या आहेत, रेल्वे स्थानक मात्र स्पॅनिश धाटणीच्या दर्शनी भिंतीसह अजून शाबूत आहे, आणि त्याच्यासमोर रुळाचा एक तुकडासुद्धा नाही. तेथील फलकावरून समजले की या गावाला एका वेळी तीन रेल्वे कंपन्यांची सेवा होती. आपल्याकडे डभोईची छोटी गाडी गेली, तिच्या जागी मोठे रूळ आले, पण डभोई जागच्या जागी आहे. मग येथे काय झाले? रेल्वे गेली म्हणून गाव उठले, की गाव उठले म्हणून रेल्वे गेली? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतापनगरचा प्रवासी:
रावपुरेकर, गाव आधी गेले. मात्र येथे रेल्वे मुळातच गावानंतर आली होती, हे लक्षात घेतल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

ऑगस्ट १९०४ मध्ये शॉर्टी हॅरिस आणि एड क्रॉस या दोघा शोधकांना तेथील टेकड्यांत सोने असलेला हिरवट दगड सापडला. त्याच्या रंगावरून त्या परिसराला ‘बुलफ्रॉग’, म्हणजे बेडकाचे, नाव पडले; गावाला नाव मिळाले ते तेथील ज्वालामुखीजन्य खडकाचे. लोक जमले, तंबूंच्या जागी घरे उभी राहिली, आणि लास व्हेगासहून पहिली गाडी आली ती थेट डिसेंबर १९०६ मध्ये. तोवर सारा माल जनावरांच्या गाड्यांवरून येत होता. लाकूड इतके दुर्मिळ होते की टॉम केली नावाच्या गृहस्थाने १९०६ मध्ये सुमारे ५०,००० रिकाम्या बाटल्या मातीत बसवून घर बांधले, आणि ते अजून उभे आहे. (इतक्या बाटल्या गावात सहज जमल्या, यावरून खाणकामगारांची संध्याकाळ कशी जात असेल हे वेगळे सांगायला नको.)

गावाची सारी भिस्त माँटगोमेरी शोशोन या एका खाणीवर होती. पोलाद उद्योगातील बडे प्रस्थ चार्ल्स श्वाब यांनी ती १९०६ मध्ये विकत घेतली, तेव्हा भांडवलदारांचा विश्वास आपोआप वाढला. पण १९०८ मध्ये त्रयस्थ तज्ज्ञांनी केलेल्या पाहणीत खनिजाचे मोल फुगवून सांगितले गेल्याचे दिसले. २३ डॉलरपर्यंत चढून आधीच ३ डॉलरवर उतरलेला शेअर या बातमीने ७५ सेंटवर कोसळला आणि १९११ मध्ये खाण बंद पडली. १९१० च्या शिरगणतीत ६७५ माणसे होती, १९२० मध्ये उरली १४. लास व्हेगासची रेल्वे १९१८ मध्ये बंद झाली, म्हणजे माणसे गेल्यावरही ती काही वर्षे टिकून होती. हाच क्रम तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

डभोईशी तुलना केलीत म्हणून लिहितो. गायकवाड सरकारने १८६२ मध्ये डभोई-मियागाम रूळ टाकले तेव्हा गाड्या बैल ओढत असत, पण वाहायला कापूस होता आणि तो दरवर्षी नव्याने पिकत होता. खाण एकदा उपसली की तिच्यात पुन्हा पेरणी करता येत नाही.

रावपुरेकर:
मनापासून आभार. एक शंका उरते. ज्या गावाचे भवितव्य एका खाणीवर टांगलेले होते, तेथे तीन-तीन कंपन्यांनी पैसा का ओतला? या व्यवहारी मंडळींना एवढे कळले नसेल?

वाडीचे आजोबा:
कळण्यापेक्षा त्यात चढाओढ अधिक होती. टाकणखाराचे (बोरॅक्सचे) मोठे व्यापारी फ्रान्सिस मॅरियन स्मिथ यांना आपली टोनोपा अँड टाइडवॉटर रेल्वे लास व्हेगासपासून काढायची होती. पण सिनेटर विल्यम क्लार्क यांनी तेथे आपल्या मार्गाला जोड देण्याचे नाकारले आणि त्याच दिशेने स्वतःची रेल्वे सुरू केली; वर उल्लेखलेली लास व्हेगासची रेल्वे ती हीच. स्मिथ यांना मग कॅलिफोर्नियातील लडलोपासून, तापत्या वाळवंटातून लांबचा मार्ग काढावा लागला. ते ऱ्हायोलाइटजवळ पोहोचले १९०७ च्या ऑक्टोबरात, आणि त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या बँकांसमोर ठेवी काढायला रांगा लागल्या होत्या. याच काळात उत्तरेकडून, गोल्डफील्डहून तिसरी रेल्वे आली. पैसा आटला की नवी खाणही उघडत नाही, त्यामुळे तिघांनाही पुरेल एवढा माल तेथे कधी निघालाच नाही.

तरीही स्मिथ यांची रेल्वे १९४० पर्यंत धावली, कारण तिच्या वाटेवर टाकणखार होता. क्लार्क यांच्या रेल्वेच्या वाटेवर तसे काही नव्हते. लास व्हेगासहून उत्तरेला मोटारीने गेला असाल, तर त्या मार्गाचा बराच भाग तुम्ही नकळत पाहिला आहे. रूळ उखडल्यावर तो भराव राज्याच्या महामार्ग खात्याने घेतला, आणि आजचा पंचाण्णव क्रमांकाचा महामार्ग बऱ्याच ठिकाणी त्याच्यावरून किंवा त्याच्या शेजारून जातो.

प्रतापनगरचा प्रवासी:
आजोबांच्या माहितीत एक लहानशी भर. गावातल्या अनेक इमारती पडल्या नाहीत, त्या नेल्या गेल्या. वाळवंटात बांधकामाचे सामान महाग असल्याने दारे, खिडक्या, तुळया शेजारच्या गावांत विकल्या गेल्या, आणि खाणकामगार संघटनेचे सभागृह तर जवळच्या बीटी गावात नेऊन पुन्हा उभारले गेले. स्थानक वाचले याचे कारणही तेच असावे: त्याला गिऱ्हाईक मिळाले. १९३० च्या दशकात तेथे जुगारगृह आणि मद्यालय चालत होते.