स्विंगचा तयार रेंडरर एक्स्टेंड करू द्यायलाच नको होता

पायवाट:
जावा स्विंगच्या (जावात खिडक्या, बटणं, टेबलं बनवायचं टूलकिट) टेबलात प्रत्येक ओळीत प्रोग्रेस बार हवा होता. सेल रंगवणारा तयार क्लास, डीफॉल्ट-टेबल-सेल-रेंडरर, एक्स्टेंड केला, म्हणजे त्यावरून माझा क्लास बनवला. तो मुळात जे-लेबल (मजकूर दाखवणारी पट्टी), म्हणून त्याला लेआउट (आतल्या घटकांची मांडणी ठरवणारा) देऊन आत बार ॲड केला. एरर नाही, एक्सेप्शन नाही आणि बारही नाही! दोन दिवस लेआउट मॅनेजर बदलत बसलो. शेवटी सोर्स उघडला तर आतली मांडणी करणारी व्हॅलिडेट मेथड रिकामी, नुसते महिरपी कंस. इनव्हॅलिडेट, रीपेंटचंही तेच. व्हॅलिडेट चालत नाही, म्हणून आतल्या बारला आकारच मिळत नाही. रुंदी शून्य, उंची शून्य. वेगासाठी पालकाच्या मेथड बंद पाडणारा क्लास फायनलच हवा, म्हणजे कुणाला एक्स्टेंडच करता येणार नाही.

धुकेकर:
अजिबात पटलं नाही. हे जावाडॉकमध्ये (जावाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये) स्पष्ट लिहिलंय. टेबल प्रत्येक सेलसाठी वेगळं लेबल बनवत नाही, एकच रेंडरर रबरी शिक्क्यासारखा सगळीकडे उठवतं. पडद्यावर ४० ओळी आणि १२ कॉलम असतील तर एका पेंटमध्ये ४८० वेळा मजकूर बदलतो. दर वेळी रीव्हॅलिडेट आणि रीपेंट (पुन्हा मांडणी आणि पुन्हा रंगवणं) खरंच चालले, तर स्क्रोल करताना टेबल अडखळेल. आणि फायनल केलात तर आमचं काय? उणे आकडे लाल करायचे, रक्कम उजवीकडे लावायची, यासाठी त्याची सेलमध्ये मूल्य भरणारी सेट-व्हॅल्यू मेथड ओव्हरराइड करणं, म्हणजे तिच्या जागी आपली लिहिणं पुरतं. जे-टेबल स्वतःचे आकड्यांचे आणि तारखांचे रेंडरर याच क्लासमधून काढतं. चेकबॉक्ससाठी मात्र ते थेट जे-चेकबॉक्स एक्स्टेंड करून टेबल-सेल-रेंडरर इंटरफेस (कोणती मेथड हवी एवढंच सांगणारा करार) लावतं. तुमचं उत्तर तिथेच होतं.

मुसळधार:
धुकेकर, जावाडॉक वाचूनही फसायला होतं. मी जे-टेक्स्ट-एरिया (अनेक ओळींच्या मजकुराची चौकट) एक्स्टेंड करून मजकुरावर 'मसुदा' असा पुसट वॉटरमार्क काढला, दिसणाऱ्या भागाच्या मधोमध. स्क्रोल केलं की अक्षरांची शेपटं खालपर्यंत ओढली जायची. दोष माझ्या पालक क्लासमध्ये नव्हताच. जे-व्ह्यूपोर्ट, म्हणजे स्क्रोल होणाऱ्या मजकुराचा दिसणारा भाग सांभाळणारा क्लास, डीफॉल्टने ब्लिट मोडमध्ये असतो: आधी रंगवलेले पिक्सेल सरकवतो आणि नव्याने उघडी पडलेली पट्टी तेवढी रंगवायला सांगतो. दिसणारा भाग दर वेळी पूर्ण रंगवणारा सिंपल स्क्रोल मोड लावला तेव्हा थांबलं. टेक्स्ट-एरिया एक्स्टेंड करणाऱ्याने व्ह्यूपोर्टचं डॉक्युमेंटेशन का म्हणून उघडावं?

धुकेकर:
हे मान्य. चित्र सरकवून चालेल, हे तिथे गृहीत धरलंय आणि ते तुमच्या क्लासला कुणी विचारत नाही. तरी ब्लिट काढा म्हणणार नाही, लांबलचक लॉग त्याच्याच जिवावर सरसर सरकतो.

पायवाट:
काढा असं मीही म्हणत नाही. चेकबॉक्सवालं करून पाहिलं: जे-प्रोग्रेस-बार एक्स्टेंड, वर इंटरफेस, बारचं स्वतःचं सेट-व्हॅल्यू करून धिस, म्हणजे तोच बार, परत. वीसेक ओळींत झालं, बार दिसतोय. फायनलचा हट्टही सोडतो, रेंडररचं सेट-व्हॅल्यू ओव्हरराइड करण्याचा तुमचा मुद्दा खरा आहे. पण रेंडररमध्ये ॲड केल्यावर निदान एक्सेप्शन तरी यायला हवं होतं. गप्प राहून रिकामा सेल दाखवणं मला अजूनही चूकच वाटतं.