मदत हवी आहे: परदेशातील भारतीय दुकाने आणि उपाहारगृहे कशी पारखावीत?

परदेशी आल्यापासून जवळपासची भारतीय वाणसामानाची दुकाने आणि उपाहारगृहे एकेक करून पाहण्याचा आमचा क्रम सुरू आहे. गेल्या आठवड्यात आणलेल्या ज्वारीच्या पिठाची विरी (पीठ धरून ठेवणारा चिकटपणा) गेलेली निघाली. ज्वारीत मुळातच ग्लूटेन नसल्यामुळे उकळत्या पाण्यात मळूनही भाकरी थापताना कडेने चिरत गेली. बाजरीचे पीठ तर त्याहून लवकर कडू होते, आणि आम्ही पाहिलेल्या पाकिटांवर दळल्याची तारीख नव्हती. पीठ ताजे आहे हे दुकानातच कसे ओळखावे, की सरळ धान्य आणून घरी दळावे? उपाहारगृहांत बहुधा एकच रस्सा नावे बदलून समोर येतो (निदान आमच्या जिभेला तसे वाटते). तेव्हा पहिल्या भेटीत कोणता पदार्थ मागवावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.