कर्ण मित्र म्हणून हवा, नवरा म्हणून नको (चर्चा धागा)

बिंदुसरा_बीड

आमच्याकडं कॉलेजात जाऊन मृत्युंजय न वाचलेलं माणूस सापडणं अवघड. होस्टेलवर एकच प्रत खोल्याखोल्यांतून फिरत असते, कव्हर गेलेलं, कुणीतरी पेनानं रेघा मारलेल्या, आणि पोरींचं एक ठरलेलं वाक्य असतं की नवरा असावा तर कर्णासारखा. मला हे अजिबात पटत नाही. कर्ण मित्र म्हणून लाखात एक, पण नवरा म्हणून नको.

बघा, शिवाजी सावंतांच्या या कादंबरीत (1967 ची आहे) एकटा कर्ण बोलत नाही. कुंती बोलते, दुर्योधन, कर्णाचा भाऊ शोण, कृष्ण बोलतात आणि त्याची बायको वृषाली पण बोलते. दुर्योधनाला कर्ण लागतो, तो त्याला तोलून बघतो, त्याच्यावर भिस्त टाकतो, म्हणजे दोघांत काहीतरी देवाणघेवाण चालू आहे. वृषालीचा भाग वाचताना मला सारखं वाटत राहतं की ही बाई नवऱ्याकडं देवासारखं बघायलीय. त्याच्याशी भांडावं, आज कुठं होतात असं विचारावं, इतकी जवळ ती येतच नाही, लेखक तिला येऊ देत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या नायकाला लेखकानं एखाद्या ऋणावर किंवा शब्दावर उभं केलेलं असतं ना, तो वेळ आली की धावून येतो, आणि मैत्रीला तेवढं पुरतं. भर रंगभूमीत अर्जुनासमोर कूळ विचारून अपमान झाला तेव्हा दुर्योधनानं अंगदेश दिला, ते कर्ण मरेपर्यंत विसरला नाही. पण संसारात वेळ येण्याची वाट बघत बसता येत नाही, तिथं माणूस रोज घरात लागतो, आणि कर्णाचं लक्ष रोज दुसरीकडंच आहे.

गोदाकाठचा_नांदेड

ताई, तुम्ही कादंबरीवरून कर्णाला जोखताय, मूळ महाभारत उघडून बघा की एकदा. उद्योगपर्वात कृष्ण त्याला रथात घेऊन सांगतो की तू कुंतीचा थोरला, चल, राज्याभिषेक करतो, पाची भाऊ पाया पडतील आणि सहाव्या वेळी द्रौपदीसुद्धा तुझ्याकडं येईल. आता कर्ण नाही म्हणतो ते नुसतं दुर्योधनासाठी नाही ओ. तो आधी राधेचं नाव घेतो, अधिरथाचं घेतो, मग सांगतो की सूतकुळातल्या बायकांशी माझी लग्नं झाली, पोरं झाली, नातू झाले, माझा जीव त्यांच्यात गुंतलाय, सगळी पृथ्वी दिली न सोन्याच्या राशी दिल्या तरी हे खोटं करणार नाही. दुर्योधनाचं नंतर येतं! ज्यानं बायकापोरांसाठी हस्तिनापूर नाकारलं त्याला तुम्ही नापास करायलात?

बिंदुसरा_बीड

दादा, ते मला माहितीय आणि लई आवडतं पण. पण तो हे कृष्णाला सांगतोय ना, घरी येऊन बायकोला सांगितलं का? एवढं मोठं सत्य कळलं, आयुष्य उलटंपालटं झालं, आणि त्या बाईला पत्ताच नाही. बाहेरच्या माणसापाशी तुमच्याबद्दल चांगलं बोलणारा आणि घरात गप्प राहणारा नवरा काय कामाचा.

जालना_रोड

मी तर म्हणतो तो मित्र म्हणून पण नापासच. कुंतीला शब्द दिला की अर्जुन सोडून चौघांना मारणार नाही, आणि पाळला सुद्धा, भीमाला तर धनुष्याच्या टोकानं डिवचून जिवंत सोडला. ज्या मित्राचं मीठ खाल्लं त्याचे शत्रू हातात आलेले सोडून दिले आणि त्या मित्राला यातलं एक अक्षर सांगितलं नाही. आणि द्यूताच्या वेळी? खरा मित्र असता तर दुर्योधनाचा हात धरला असता, यानं उलट भर सभेत द्रौपदीबद्दल नको ते बोलून आगीत तेल ओतलं. मित्र चुकत असताना त्याला अडवत नाही तो कसला मित्र, तो नुस्ता उपकाराखाली दबलेला माणूस.

गोदाकाठचा_नांदेड

सभेतलं कुणीच माफ करणार नाही, तिथं मी पण तुमच्याबरोबर. चौघांना सोडलं त्याबद्दल मात्र नाही. आई गंगेकाठी येऊन मागायली आणि हा नाही म्हणेल?

परभणी_जंक्शन

कर्णावरच अडकू नका हो. कच घ्या. देवांकडचा हा पोरगा संजीवनी, म्हणजे मेलेल्याला उठवायची विद्या, शिकायला असुरांचे गुरू शुक्राचार्यांकडं राहिला, असुरांनी तीनदा मारला, शेवटी तर राख दारूतून गुरूच्याच पोटात घातली, प्रत्येक वेळी गुरूची पोरगी देवयानी बापापाशी रडली म्हणून जिवंत झाला. ती लग्नाचं बोलली की हा म्हणतो मी तुझ्या बापाच्या पोटातून बाहेर आलो म्हणजे तू बहीण. लोक म्हणतात कच मित्र म्हणून थोर, खांडेकरांच्या ययातीत तर तो अजूनच सोज्वळ दिसतो. मला बाई म्हणून राग येतो. गरज होती तोवर तिचा जीव लागला न विद्या हातात आली की नातं बदललं. अशा नायकाला "मित्र म्हणून चांगला" म्हणणं म्हणजे त्याला सोडून देणं आहे. पळवाट आहे ही, धाग्याचा विषयच मला त्यासाठी खटकायलाय.

आणि दुसरं, आमच्या गंगाखेडची जनाबाई आठवा. विठोबा काय कादंबरीतला नायक नाही, त्याला या रांगेत बसवत नाही मी, पण तिच्या अभंगांत तो करतो काय? तिच्यासोबत दळू लागतो, शेण वेचायला मागं जातो, न्हायला पाणी आणून देतो. सातशे वर्षांपूर्वीच्या दासीला माहीत होतं की जवळचा माणूस कामात हात लावतो. मित्र आणि प्रियकर अशी फाळणी तिनं केलीच नाही, मग आपण कामून करायलोत?

बिंदुसरा_बीड

जनाबाईचं बोललात ते काळजाला भिडलं. पण तुम्ही माझंच म्हणणं पुढं नेताय असं मला वाटतं, ज्या नायकाच्या हातात लेखक कधी घरचं काम देत नाही त्याच्यावर प्रेमकथा टिकत नाही. कोसलातला पांडुरंग सांगवीकर घ्या. होस्टेलवर सगळ्यांसाठी पैसे उधळतो, मेसच्या भानगडीत कर्जात जातो, दोस्तांशी रात्र रात्र गप्पा. नेमाडेंनी त्याला धड प्रेमप्रकरण दिलंच नाही आणि ते किती बरं केलं! तो पोरगा कुणाच्या प्रेमात पडला असता तर 1963 ची ती कादंबरी चार चौघांसारखी झाली असती.

मांजराकाठ_लातूर

सैराट सिनेमाचा विषय कुणी काढलाच नाही अजून. परश्या पहिल्या भागात भारी प्रियकर आहे असं सगळे म्हणतात, विहिरीत उडी, चिठ्ठ्या, सगळं. माझ्या मते तो खरा प्रियकर हैदराबादला गेल्यावर होतो. दोस्त लंगड्या न सल्या मागं राहिले, आता हा डोश्याच्या गाड्यावर आणि आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात, पत्र्याची खोली, शेजारी घाण. तिथं तो संशय घेतो, भांडण होतं, ती निघून जाते आणि परत येते. इथून हैदराबादला कामाला गेलेली किती जोडपी बघितलीत आपण, ती अशीच राहतात. परश्याला नुसता दोस्तांत ठेवला असता तर चांगला पोरगा म्हणून विसरलो असतो. तेव्हा ताई, वाईट वागणारा प्रियकरसुद्धा कथेत चालतो, फक्त लेखकानं त्याची ती पत्र्याची खोली दाखवली पाहिजे.

जालना_रोड

संशय घेणारा चालतो? कुणाला चालतो? त्या आर्चीच्या जागी बहीण ठेवून बघा.

मांजराकाठ_लातूर

कथेत चालतो म्हणलं, घरात नाही. आणि घरातलाच पाहिजे असेल तर बोराडे सरांचा पाचोळा वाचा, आपल्या मातीतलं पुस्तक आहे, 1971 चं. गंगाराम शिंपी हट्टाला पेटतो, पाटलाशी वैर घेतो, घराची धूळधाण होते, आणि हे सगळं त्याची बायको पारबती आपल्या बोलीत सांगते. त्याला कुणी जिवलग मित्र नाही, असता तर कदाचित वाचला असता. पण पारबतीच्या तोंडून तो माणूस जितका कळतो तितका वृषालीच्या तोंडून कर्ण कळत नाही, कारण पारबती त्याच्यावर चिडते, त्याला समजावते, घाबरते, आणि तरी त्याच्याच बाजूनं उभी राहते.

बिंदुसरा_बीड

पारबतीला बोलायला मिळालं, खरंय. सावंतांनी वृषालीला एक रात्र तरी कर्णाशी भांडू द्यायला पाहिजे होतं, निदान कवचकुंडलं देऊन आला त्या दिवशी.