टाइप १ मधुमेह असलेल्या मुलीची शाळा सुरू होण्याआधी काय तयारी करावी?

प्रश्न

नमस्कार. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला सुट्टीच्या सुरुवातीलाच टाइप १ मधुमेहाचे निदान झाले. घरी आता आमची घडी बसली आहे, पण शाळा सुरू झाल्यावर डब्याच्या आधीचे इन्सुलिन तिला शाळेतच घ्यावे लागेल. पेनने ती स्वतः टोचून घेते. किती युनिट घ्यायचे हे मात्र तिला अजून ठरवता येत नाही. शाळेशी काय बोलावे, लेखी काय द्यावे, आणि वर्गातल्या मुलांना सांगावे की नाही? या शेवटच्या प्रश्नावर आमच्या घरात एकमत होत नाही.

उत्तर १ (तेरा वर्षांच्या मुलाची आई)

शाळा उघडण्यापूर्वीच वर्गशिक्षिका, खेळाचे शिक्षक आणि मुख्याध्यापक यांना एकत्र भेटा. डॉक्टरांकडून एकच पान लिहून घ्या: इन्सुलिन केव्हा व किती घ्यायचे, रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली तर काय करायचे, आणि फोन कोणाला करायचा. फाईल उघडून वाचायला ऐन वेळी कोणाला सवड नसते. त्याच पानावर तुमच्या मुलीची स्वतःची लक्षणे लिहा, कारण थरथर आणि घाम ही लक्षणे प्रत्येक मुलात ठळक दिसतातच असे नाही. माझा मुलगा साखर उतरली की गप्प होतो, विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देतो आणि वर 'मी बरा आहे' असे हट्टाने सांगतो; हे ठाऊक नसलेल्या शिक्षकाला तो उद्धट वाटेल.

साखर कमी झाली की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर (लहान मुलांना वजनानुसार याहून कमी पुरते), १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी आणि तरीही कमी असेल तर पुन्हा तेवढेच, हा क्रम शिक्षकांना समोर करून दाखवा. चॉकलेट यासाठी उपयोगाचे नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अशा वेळी मुलीला एकटीला ऑफिसमध्ये किंवा आजारी मुलांच्या खोलीत पाठवायचे नाही. जिन्यातच तिला चक्कर येऊ शकते. ग्लुकोजचा डबा वर्गातच, तिच्या हाताशी हवा, कुलूपबंद कपाटात नको.

उत्तर २ (प्राथमिक शिक्षक)

माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी होता, म्हणून शिक्षकाच्या बाजूने लिहितो. साखर वाढली की तहान लागते आणि वारंवार लघवीला जावे लागते. त्यासाठी तिला परवानगी मागत बसावे लागू नये, हे आधीच ठरवून घ्या. परीक्षेच्या वेळी ग्लुकोमीटर, पाणी व खाऊ बाकावर ठेवू द्यावा. बदली शिक्षक आले तर त्यांनाही ते पान मिळेल, याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवा. गफलत बहुधा तिथेच होते.

वर्गाला सांगण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे: मुलीला विचारा, आणि ती तयार असेल तर सांगा. हा आजार संसर्गजन्य नाही आणि गोड खाल्ल्यामुळे तिला झालेला नाही, एवढे कळले तरी मुलांची कुजबूज बरीच थांबते. शेजारी बसणारी मैत्रीण तर शिक्षकांच्या आधी बदल ओळखते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मुलीने होकार दिला आहे. ती बेशुद्ध पडली तर शिक्षकांनी नेमके काय करावे, याचीच धास्ती उरली आहे.

उत्तर ३ (परिचारिका)

तोंडात काहीही घालायचे नाही, पाणीसुद्धा नाही. तिला कुशीवर वळवावे, रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांनी ग्लुकॅगॉन (रक्तातली साखर वाढवणारे औषध) लिहून दिले असेल व ते देण्याचे प्रशिक्षण शिक्षकांना मिळाले असेल, तर ते लगेच द्यावे. इन्सुलिन मात्र अजिबात देऊ नये.

आणखी एक गोष्ट. सुट्टीतले उठणे, जेवणे, खेळणे आणि शाळेचे वेळापत्रक यांत बराच फरक असतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात डोस बदलावे लागू शकतात. शाळेचे वेळापत्रक घेऊनच डॉक्टरांना भेटा आणि खेळाचे तास कोणत्या दिवशी आहेत ते दाखवा. भरपूर खेळल्यानंतर साखर कित्येक तासांनी, अगदी रात्री झोपेतही उतरू शकते. म्हणून त्या दिवशी झोपण्यापूर्वी तपासणी करा आणि रात्री पुन्हा केव्हा तपासायचे, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.